गिअर लाथ मारतोय? पॅन उघडायच्या आधी हे बघा

गिअर पडताना गाडीला दणका बसतोय? जुन्या शेव्ही सिल्व्हेराडो पिकअपमधल्या ४एल६०-ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं बऱ्याचदा बाहेरूनच सापडतं, त्यामुळे घाबरू नका.

आधी गिअरबॉक्सचं ऑइल. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पार्कमध्ये, मग डिपस्टिक. बंद गाडीत मोजणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून फिल्टर बदला. साधारण पावणेपाच लिटर डेक्सरॉन-६ दर्जाचं गिअरबॉक्स ऑइल लागेल. थोडं थोडं ओता, जास्त झालं तर फेस धरतं. पॅनमधल्या चुंबकावर करडा लगदा चालतो, धातूचे कपचे नाहीत. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा, बस्स. ताकद दाखवली की गळती लागलीच.

मग बॅटरीची टोकं, अर्थिंग, गिअरबॉक्सचा कनेक्टर. दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) करंट पोचला नाही की ऑइलचा दाब थेट कमाल होतो, आणि दुसरा गिअर दणकन पडतो.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोडही स्कॅनरने वाचा. पी१८७० आला तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) क्लच घसरतोय आणि कॉम्प्युटर मुद्दाम दाब वाढवतोय. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं ऑइल वळवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) झिजलेली असते, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

धक्क्याबरोबर ‘टण्ण’ वाजतं? मग प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.