गराडूने जीभ भाजली, चव परत येईल का?

प्रश्न : सराफ्याच्या खाऊगल्लीत कढईतून काढलेले गराडू (कंदाचे तळलेले तुकडे) घाईत तोंडात टाकले, जिभेचं टोक भाजलं. चार दिवस झाले, तिथे चव कळत नाही. आरशात पाहिलं तर टोकाला लाल दाणे आणि अगदी मागे मोठ्या गाठी दिसल्या. रुचिकलिका कायमच्या जळाल्या का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही, चव परत येते, साधारण एक-दोन आठवडे लागतात.

तुम्हाला दिसले ते दाणे म्हणजे रुचिकलिका नव्हेत, ते अंकुर. कलिका त्यांच्या त्वचेत रुतलेल्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. लसणाचा गड्डा डोळ्यांसमोर आणा: ५० ते १०० लांबट पेशी पाकळ्यांसारख्या उभ्या, एकमेकींना बिलगून. शेंड्याला बारीक छिद्र, आणि त्यात पेशींची केसांहून कितीतरी बारीक टोकं. लाळेत विरघळलेला पदार्थच तिथवर पोचतो. जीभ रुमालाने कोरडी करून वर साखरेचा दाणा ठेवा, लाळ सुटेपर्यंत गोड लागणार नाही.

गोड, कडू, आंबट ओळखणाऱ्या पेशी वेगवेगळ्या, पण एकाच कलिकेत शेजारी शेजारी. त्यामुळे ‘टोकाला गोड, मागे कडू’ हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे. गराडूवरच्या जिरावण मसाल्याचा तिखटपणा मात्र कलिकांचं काम नाही; ती वेदना-उष्णतेच्या नसांची जळजळ. म्हणून चव गेली तरी तिखट झोंबतंच.

या पेशी सरासरी दहा दिवस जगतात. तळाशी असलेल्या पेशींपासून नव्या तयार होत राहतात, भाजल्यावरही. तोवर चहा कोमट करून घ्या, टोकावरून जीभ खरवडू नका, तिखट टाळा.

मागच्या गाठींनी बरेच जण घाबरतात. उलट्या व्ही आकारात ८ ते १२ मोठे, गोल अंकुर प्रत्येकालाच असतात. प्रत्येकाभोवती खंदक असतो, कलिका त्याच्या भिंतीत, आणि तळाच्या ग्रंथी तो पातळ स्रावाने धुऊन काढतात. मात्र एकाच बाजूची गाठ किंवा जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच.

दोन आठवड्यांनीही सगळंच बेचव लागलं तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावा, मग नाक सोडा. सोडल्यावरही वास उमलला नाही, तर बिघाड जिभेत नसून नाकात असण्याची शक्यता जास्त. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.