रीइश्यू स्टीम इंजिन : क्वालिटीचं नंतर बघू, आधी पेटी उघडा

निपाणीकर, तुम्ही विचारलंय की वडिलांकडे होतं तसंच ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ (वाफेच्या इंजिनाचं विजेवर पळणारं छोटं मॉडेल) ब्रिटिश हॉर्नबी कंपनीने पुन्हा काढलंय, तुम्ही ते मागवलंयत, आता दुसरं मागवायच्या आधी सांगा की या नव्याने काढलेल्या इंजिनांची क्वालिटी सुधारलीय का. पण खाली एक ओळ आहे, ‘पेटी अजून सीलबंदच ठेवलीय, फोडली की किंमत उतरते म्हणतात.’ ती वाचली आणि जेवायचं सोडून लिहायला बसलोय. आज रात्रीच उघडा ओ. का ते सांगतो. लांबेल जरा.

आधी एक सांगून ठेवतो, मी काही तज्ज्ञ नाही. बेळगावच्या उद्यमबागेत बिडाचं ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीत आयुष्य गेलं. मॉडेल रेल्वेचा नाद मामांमुळे. ते जहाजावर होते, १९७९ च्या सुट्टीत लिमा या इटालियन कंपनीचा एक सेट घेऊन आले. त्यात टिळकवाडीत राहायला, तिसऱ्या गेटला उभं राहून मिरज-लोंढा मीटरगेजची वाफेची इंजिनं बघतच मोठा झालो. आजवर दहा-बारा इंजिनं घेतली असतील, तेवढ्यावरून बोलतोय.



‘रीइश्यू’ हा शब्दच फसवा आहे. कधी तीच जुनी डाय, तोच साचा, वर फक्त नवा रंग आणि नवा नंबर. हॉर्नबीची ‘रेलरोड’ मालिका बरीचशी अशी, आणि किंमत कमी ठेवून ते कबूलही करतात, म्हणून माझी तक्रार नाही. कधी बॉडी जुनी पण खालची चॅसिस, म्हणजे चाकं-मोटर धरणारा सांगाडा, नवी. आणि कधी नावच तेवढं जुनं, बाकी सगळं टूलिंग, म्हणजे साचे, कोरं. तुमच्याच इंजिनाचं बघा. १९६८ च्या ट्राय-अँग हॉर्नबीच्या (हॉर्नबीचंच तेव्हाचं नाव) ‘स्कॉट्समन’ला मोटर इंजिनातच होती. पुढे ती टेंडरमध्ये गेली, म्हणजे कोळशाचा डबा ढकलतोय आणि इंजिन नुसतं पुढं घरंगळतंय! २००० नंतरच्या नव्या टूलिंगमध्ये मोटर परत इंजिनात आली, पाच पोलची, म्हणजे हळू वेगातही गुळगुळीत फिरणारी. चढावर फरक लगेच कळतो. म्हणून दुकानदाराला ‘नवीन आहे का’ विचारू नका, सगळे होच म्हणतात. खालच्या बाजूचा फोटो मागा. मोटर कुठं आहे, डिकोडरचं (डिजिटल कंट्रोलच्या चिपचं) सॉकेट आहे का, बॉयलरवरचे दांडे वेगळे बसवलेत की साच्यातच उठवलेत, एवढं बघितलं की वंशावळ कळते. रिव्हारोसी या इटालियन कंपनीचं जुनं इंजिन घेणार असाल तर चाकांच्या फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडा, बघा. जुन्या इतक्या खोल असायच्या की आजच्या बारीक रुळावर रूळ धरणाऱ्या खिळ्यांवरून टकटकत जातात. हॉर्नबीने २००४ मध्ये लिमा-रिव्हारोसीचा कारभार घेतल्यावर जे नव्याने काढलं, त्यात हे सुधारलं.

तर रंग, अक्षरं, बारीक काम, हळू वेगात चालणं, यात सुधारणा झालीय हे मान्य करतो. हॉर्नबीचा इंग्लंडमधला मार्गेटचा कारखाना सोडून उत्पादन चीनला गेलं तेव्हा मीही नाकं मुरडली होती, पण छपाई बघून गप्प बसलो. माझं दुखणं धातूचं आहे.

मी एक रीइश्यू मागवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. पार्सल एका कार्यालयात सात आठवडे पडून. हे खेळणं की यंत्र, बिल दाखवा, पुन्हा दाखवा, परवा या. फोन केला की साहेब जेवायला गेलेले. शेवटी तिथल्याच एका शिपायाने ‘इर्ली बिड्री सर’ (असू द्या, सोडा सर) म्हणत समजूत काढली. (ड्यूटीचं आधीच धरून ठेवा. खेळणी आणि मॉडेलं एकाच शीर्षकात येतात, मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ ला ७०. त्यावर जीएसटी वेगळा.) एवढी दगदग करून आलेली पेटी, म्हणून मी ती फोडलीच नाही. माळ्यावर ठेवली. कुणीतरी डोक्यात भरवलेलं, सीलबंद असेल तर पुढे दुप्पट येतात.

दोन पावसाळे गेले. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. मग घरच्या गणपतीच्या देखाव्यात गाडी फिरवू म्हणून पेटी उघडली. फूटप्लेट (बॉयलरच्या कडेची लांब पट्टी) केळासारखी वाकलेली, चाकं जाम. स्क्रू काढून बघतो तर आतला जस्ताचा ब्लॉक फुगलेला आणि अंगभर बारीक भेगा. आणि मी, भेग गेलेलं कास्टिंग रोज भंगारात टाकणारा माणूस, काय केलं? व्हाइसमध्ये धरून सरळ करायला गेलो. आपल्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईसारखा भुगा झाला हातात. त्या वर्षी गणपतीपुढे मामांची लिमाच फिरली.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, एक वर्षाची हमी होती, संपली. पहिल्या आठवड्यात उघडून वर्षभर डोळ्यासमोर ठेवलं असतं तर भेग वेळेत दिसली असती आणि बदलूनही मिळालं असतं. कार्यालयाने सात आठवडे खाल्ले, मी दोन वर्षं खाल्ली.

झालं काय ते नंतर वाचून कळलं, आणि लाज वाटली, कारण तत्त्व आपल्याच धंद्यातलं. हा मिश्रधातू झामॅक, इंग्रज त्याला माझॅक म्हणतात. जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. यात शिसं ०.००५ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नसतं. कुणी मेल्टमध्ये भंगार ढकललं, झाळकामाचा (शिसं असलेला) एखादा तुकडा पडला, की कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज सुरू होतो, धातू फुगतो आणि तडकतो. दमट हवा आणि उष्णता त्याला घाई करतात, पण रोग ओततानाच आत शिरलेला असतो. रंग लावून, तेल देऊन बरा होत नाही. आणि ‘जुनं ते सोनं’वाल्यांनाही सांगतो, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या हॉर्नबी डब्लो या जुन्या मालिकेची कास्टिंगंही याच दुखण्याने गेलीत, तर युद्धानंतरची कित्येक अजून पळतात. त्यामुळे जुनं-नवं यापेक्षा त्या दिवशी भट्टीत काय पडलं यावर सगळं आहे. हल्ली हॉर्नबीने डब्लो हेच नाव परत काढून धातूच्या बॉडीची इंजिनं आणलीत. दिसतात झकास, पण मी अजून थांबलोय.

आता तुम्ही काय करायचं. पेटी उघडा, बॉडी काढा, चॅसिसच्या ब्लॉकची लांबी व्हर्नियरने मोजा आणि पेन्सिलीने पेटीच्या आत तारखेसह लिहून ठेवा. दर वर्षी दसऱ्याला, पाऊस संपला की, पुन्हा मोजा. वाढली तर बिल काढून ठेवा. चालवताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा लंगडत असेल तर एक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलाय, तेही हमीतच सांगा. आणि घरातलं दिसेल ते स्प्रे तेल मारू नका, प्लॅस्टिकला चालेल असं तेल सुईच्या टोकाने एक थेंब. मऊ फोम रंगाला चिकटतो, तो काढून टिश्यू पेपर घाला. माळ्यावर तर अजिबात नको. सीलबंद पेटीची किंमत, गुंतवणूक वगैरे बोलणाऱ्यांना एकदा माझा भुगा दाखवीन म्हणतो. हे माझं मत झालं, नाराज होऊ नका.

दुसरं मागवायचं तर मागवा की, पण पाऊस सुरू व्हायच्या आत हातात पडेल असं बघा.

माझ्या इंजिनाचं विचाराल तर बॉडी धड होती. मशीन शॉपमधल्या फिटरने सुट्टीच्या दिवशी मिलिंगवर पितळेचा ब्लॉक काढून दिला, जुनी मोटर त्यात बसली. वजन वाढल्यामुळे आता तीन डबे जास्तच ओढतं. ब्लॉकचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. तुमचा मोजून झाला की माप इथंच टाका, जुळतंय का बघू.