पन्नाशीच्या आगेमागे गटाने ताकदीचा व्यायाम: वाचकांचे प्रश्न

आम्ही दहा-बारा जण आहोत, वयं ४८ ते ७१. रोज चालतो. आता ताकदीचा व्यायाम एकत्र सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

चालणं सोडू नका. पण त्याने हात, पाठ आणि मांड्यांना पुरेसा भार मिळत नाही, आणि वयाबरोबर घटणारे स्नायू टिकवायला भारच लागतो. आठवड्यातून दोन दिवस ठरवा, मध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. एका वेळेला ४५ मिनिटं पुरतात: दहा मिनिटं अंग मोकळं करणं, अर्धा तास मुख्य व्यायाम, शेवटी पाच मिनिटं श्वास शांत होईपर्यंत हळू चालणं.

व्यायाम पाचच ठेवा: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर जोर, रबरी बँड पोटाकडे ओढणं, टाचा उचलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, म्हणजे एकच फेरी, नंतर दोन. बँड वापरण्याआधी दर वेळी ताणून बघा. बारीक चीर दिसली तर तो फेकून द्या, कारण तुटलेला बँड सरळ डोळ्यावर बसू शकतो.

गटात बिघडतं ते मोठ्याने एकत्र आकडे मोजण्यामुळे. सगळ्यांचा वेग एक होतो आणि मागे पडणारा माणूस ढब सोडून घाई करतो. त्याऐवजी घड्याळ लावा: ४० सेकंद काम, ६० सेकंद विश्रांती. त्या ४० सेकंदांत कुणी सहा वेळा उठेल, कुणी बारा. वेळ सगळ्यांची एक, भार ज्याचा त्याचा.

पहिल्या दिवसानंतर तिघांच्या मांड्या इतक्या दुखल्या की ते पुन्हा आलेच नाहीत. काय चुकलं?

पहिला दिवस जड झाला. असं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. विशेषतः शरीर किंवा वजन खाली आणताना स्नायूंवर जो ताण येतो त्याने ते होतं. त्या तिघांना फोन करून हे सांगा, आणि परत आल्यावर निम्मंच करायला लावा. पहिल्या दिवशी घरी जाताना ‘एवढंच?’ असं वाटलं पाहिजे.

सांध्यात टोचणारी कळ, सूज किंवा एकाच बाजूचं दुखणं मात्र वेगळं, तिथे व्यायाम थांबवा. स्नायू प्रचंड दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खुर्चीवरून उठताना गुडघा दुखतो. हा व्यायाम सोडून देऊ का?

सोडू नका, सोपा करा. खुर्ची भिंतीला टेकवा आणि बैठकीवर एक-दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवा. पुढे सरकून बसा. पावलं खांद्यांइतकी लांब आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत कमरेतून पुढे झुका आणि मग टाचांवर जोर देऊन उठा. बसताना मनात तीन मोजा, धपकन बसू नका. गुडघे आत वळतात का, ते समोरच्याने पाहावं, कारण स्वतःला ते कळत नाही. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल तर, चालतं. उशा एकेक करून काढा.

गटात रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं घेणारे आहेत. काय सांभाळायचं?

छातीत दुखणं, चक्कर किंवा नुकताच हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी. रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल त्या दिवशी व्यायाम नको. श्वास कोंडून वजन उचललं की दाब एकदम चढतो. म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. गटातून श्वास ऐकू आला पाहिजे. बीटा ब्लॉकर हे रक्तदाबाचं औषध घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे फारशी वाढत नाही, तेव्हा ठोक्यांवर जाऊ नका. छोटं वाक्य बोलता येतंय ना, तेवढं बघा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊनच सुरू करावं. घाम, थरथर, गोंधळ दिसला की लगेच साखर द्यावी.

हाडं ठिसूळ आहेत. मी येऊ का?

जरूर या. फक्त पोटाच्या व्यायामासाठी आडवं पडून उठून बसणं, पाठ गोल करून वाकणं आणि वजन घेऊन कंबर पिळणं टाळा. तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा.

तीन महिने झाले, सगळे अजून १ किलोच्याच डंबेल्सवर. वाढवायचं कधी?

सेट संपताना आणखी दोन-तीन वेळा जमेल इतकाच दम उरला पाहिजे. पाच-सहा वेळा सहज जमणार असेल तर भार हलका आहे. लागोपाठ दोन वेळा, दोन्ही सेटमध्ये चांगल्या ढबीने १२ झाले की अर्धा किलो वाढवा. वाढवल्यावर आकडा आठवर आला तरी बिघडत नाही. प्रत्येकाची वही वेगळी ठेवा: तारीख, वजन, किती वेळा. शेजारच्याने वाढवलं म्हणून कुणी वाढवायचं नाही, आणि शेजारचा थांबला म्हणून कुणी थांबायचं नाही.