बाग नको, आईच्या टाचा बघा

प्रश्न : ताई, माझी आई 79 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता विसरायलाही लागली आहे. घरी ठेवून पाहिलं, पण मावश्या टिकेनात, माझी नोकरी, मुलं शाळेत, भाऊ परदेशात. शेवटी दिवाळीनंतर तिला पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. मी ठाण्याहून दर रविवारी जाते. जागा स्वच्छ आहे, बाग आहे, मॅनेजर चांगलं बोलतात. पण आई सारखी झोपाळलेली असते, बारीक झाली आहे. विचारलं तर ‘बरं आहे गं’ एवढंच म्हणते. तिथे तिचं नीट करतात की नाही, कसं ओळखू? तक्रार केली तर माझ्या पाठीमागे तिच्यावर राग काढतील, ही भीती वाटते. आणि नातेवाईक म्हणतात, ‘आईला टाकलीस.’
– एक मुलगी, ठाणे

उत्तर : आधी त्या ‘टाकलीस’बद्दल बोलू, कारण ते मनात खुपत असेल तर बाकी काही नीट दिसणार नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. त्यात म्हाताऱ्या आईवडिलांना टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा धरलाय तो कायमचं सोडून द्यायच्या हेतूने कुठेतरी नेऊन ठेवण्याचा. दर रविवारी ठाण्याहून जाणारी, आई बारीक झाली हे टिपणारी मुलगी त्यात कुठेच बसत नाही. जे बोलतात त्यांना महिन्यातली एक दुपार आईपाशी बसायला बोलवा. जे येतील ते तुमच्या उपयोगाचे.

आता मुख्य गोष्ट. बाग, फरशी, मॅनेजरचं बोलणं यांवरून काहीच ठरवू नका. काळजी घेतली जाते की नाही हे पेशंटच्या अंगावर दिसतं. पुढच्या वेळी गेलात की पडदा ओढा, आईला कुशीवर करा आणि पाठ बघा. माकडहाड, कमरेची हाडं, खांदे आणि टाचा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल होत असेल तर त्यावर लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिला, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या अंगावर लाली पटकन कळत नाही. तिथे हात फिरवून पाहा, तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतो का. ज्याला स्वतःला कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एअर बेड लावला म्हणून ते चुकत नाही. कूस बदलल्याच्या नोंदी मागा. आठवड्याभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका बैठकीत भरल्यासारख्या दिसल्या तर समजून जा.

मग तोंड बघा. जीभ कोरडी, ओठ फुटलेले आणि लघवी गडद असेल तर पाणी कमी पाजलं जातंय. आईची उजवी बाजू गेली आहे, म्हणून उजव्या गालाच्या आत टॉर्च मारून पाहा. अशा पेशंटला त्या गालात घास अडकलेला कळत नाही. दुपारी चार वाजता सकाळचा पोहा तिथेच सापडला, तर भरवणाऱ्याने घाईत भरवलंय आणि तोंडही धुतलेलं नाही. जेवताना आणि नंतर अर्धा तास तरी तिला बसतं ठेवायला हवं, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

बारीक झाली म्हणता, तर वजन विचारा. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवणं ही अगदी साधी अपेक्षा आहे. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा वजनकाटा मिळतो. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांनी लक्ष घालायलाच हवं. म्हणजे आई 50 किलोची होती तर महिन्यात अडीच किलो. कारण कधी कधी फार साधं असतं. माझ्या सासूबाई अशाच एका केंद्रात होत्या. त्या ‘जेवत नाहीत’ असं आम्हाला सांगितलं जायचं. त्यांची कवळी बाजूच्या ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळलेली सापडली. नव्या मावशींना त्यांना कवळी आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या बिचाऱ्या पोळी देत होत्या. तेव्हा आईचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठे आहे ते बघा. कानाचं मशीन असेल तर त्यातला सेल चालू आहे का तेही बघा. ज्याला ऐकूच येत नाही तो माणूस सगळ्याला ‘बरं आहे’ म्हणतो.

झोपाळलेपणा मात्र मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. गोळ्यांचा चार्ट मागा, फोटो काढा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही मनोविकारांवरची औषधं किंवा झोपेची गोळी त्यात नवीन दिसली तर कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केली ते विचारा. कधी कधी या औषधांची खरंच गरज असते. पण विसरणाऱ्या, डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये यातल्या पहिल्या तिन्हींनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. रात्री पेशंट ओरडू नये म्हणून ती देता येत नाहीत. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडूनच कमी करून घ्या. आणि झोप अचानक वाढली असेल तर लघवी तपासा. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की ताप येतोच असं नाही, कधी नुसती सुस्ती नाहीतर बडबड वाढते. मनगटावर वळ दिसले तर हात बांधले होते का, हे तिथल्या तिथे विचारा.

दुसरं म्हणजे, तुमची रविवारची वेळ बदला. तुम्ही येणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्या दिवशी आईची वेणी घातलेली असणार. एखाद्या बुधवारी रजा टाका आणि संध्याकाळी सात-साडेसातला जा, जेवण आणि शिफ्ट बदलायच्या वेळेला. बेल वाजल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो ते बघा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात, त्यात शिकलेली, नोंदणी असलेली नर्स आहे का, की फक्त मावशी, हे विचारा. हॉस्पिटलं आणि नर्सिंग होम 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. केअर सेंटरं मात्र बरीच ट्रस्ट किंवा साधा धंदा म्हणून चालतात. त्यामुळे बोर्डावर ‘नर्सिंग’ लिहिलंय म्हणजे रात्री सिस्टर असतेच, असं धरून चालू नका. भेटायच्या वेळेबाहेर यायला अडवलं तर कारण विचारा. सगळ्यांच्या विश्रांतीची वेळ हे कारण ठीक आहे. पण चार-चार वेळा विचारूनही तुम्हाला आईच्या खोलीपर्यंत जाऊच देत नसतील, तर मला ती जागा नको वाटते.

राग काढतील ही तुमची भीती खोटी नाही. म्हणून तक्रार कशी करायची ते महत्त्वाचं. मावशींवर कधीही आवाज चढवू नका. बारा तासांची ड्युटी, हातात फार थोडे पैसे, आणि बऱ्याचदा दहा-पंधरा पेशंट. कूस बदलली गेली नाही यात त्यांचा दोष कमी आणि माणसं कमी ठेवणाऱ्या मालकाचा जास्त असतो. त्यांचं नाव विचारा, घरचं विचारा, आईबद्दल दोन गोष्टी सांगा : ती शिक्षिका होती, तिला चहात आलं लागतं, डाव्या कुशीवर झोपते. मावशींना माणूस कळला की हात आपोआप हळू होतो. तक्रार मात्र मॅनेजरकडे, आणि लेखी. व्हॉट्सअॅपवर तारीख आणि फोटोसह एवढंच : ‘आज आईच्या डाव्या टाचेवर डाग दिसला, डॉक्टरांनी कधी पाहिला आणि काय करायचं ठरलं ते कळवा.’ आरोप नाही, पण उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न. भावाला त्या ग्रुपवर घ्या. ज्या पेशंटचं घरचं माणूस बघतंय, विचारतंय, लिहून ठेवतंय, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

पंधरा दिवस द्या. म्हाताऱ्या माणसाला, त्यातून विसरणाऱ्याला, जागा बदलणं फार जड जातं, म्हणून नुसत्या संशयावरून आईला हलवू नका. पण उघडी जखम तुमच्यापासून लपवली, हात बांधले, किंवा चार्ट दाखवायला नकार दिला, तर थांबू नका, त्याच आठवड्यात हलवा. मारहाण किंवा छळाची शंका असेल तर पोलीस आहेतच. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. निघताना औषधांचा चार्ट, शेवटचे रिपोर्ट, वजनाच्या नोंदी आणि जखमांचे फोटो हातात घेतल्याशिवाय बिलावर सही करू नका. डिपॉझिट नंतर भांडून घेता येईल.