चिंतामणराव देशमुखांची अर्थमंत्रिपदाची सहा वर्षं, आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : माझे आजोबा गिरणी कामगार होते. चिंतामणराव देशमुखांचं नाव त्यांच्या तोंडून नेहमी ऐकलं, पण ते मुंबईसाठी दिलेल्या राजीनाम्यापुरतंच. अर्थमंत्री म्हणून त्यांनी संसदेत नेमकं काय केलं? ते आज वाचण्यासारखं आहे का?
*(एक वाचक, लालबाग)*

तुमच्या आजोबांच्या पिढीनं राजीनामा मनात जपला, ते योग्यच झालं. त्याकडे मी येतेच. पण 1950 च्या जूनपासून 1956 च्या जुलैपर्यंत हा माणूस देशाच्या तिजोरीबद्दल सभागृहात उत्तरं देत उभा होता, आणि ते काम आपण मराठी माणसांनी जवळजवळ विसरून टाकलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझी सगळी नोकरी आयुर्विमा महामंडळात झाली. ज्या कायद्यानं ही संस्था उभी राहिली, तो त्यांच्याच खात्यानं लोकसभेत आणला. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

जन्म महाडजवळच्या नाते गावचा. 1918 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जॉन मथाई यांनी नियोजन आयोगाच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं आणि त्यांच्या जागी देशमुख आले. 1952 च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर गेले. आयुष्यभर फायलीवर शेरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आता भर सभागृहात उभं राहून, कोणीही मध्येच उठून अडवेल अशा तऱ्हेनं हिशेब द्यायचा होता.

त्यांच्या काळातला मला सगळ्यात अवघड वाटणारा कायदा 1953 चा. इस्टेट ड्यूटी, म्हणजे माणूस गेल्यावर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर. तो आणण्याचा प्रयत्न आधीही झाला होता, पण तडीस गेला नव्हता. अडचण नुसती श्रीमंतांच्या विरोधाची नव्हती, हिंदू कायद्याची होती. गिरगावातल्या एखाद्या वाडीत वडिलोपार्जित घर आहे आणि एकत्र कुटुंब आहे असं धरा. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याची मिताक्षरा ही पद्धत चालते. तिच्यानुसार मुलगा जन्मतःच हिस्सेदार असतो. मग वडील गेले तेव्हा त्याच्याकडे नवीन आलं काय, आणि कर कशावर लावायचा? बंगालात दायभाग ही दुसरी पद्धत चालते, तिथे वडील असेपर्यंत मालकी वडिलांचीच. एकाच देशात, एकाच मोलाच्या घरावर, एका कुटुंबाला कर आणि दुसऱ्याला नाही असं झालं असतं. कायद्यानं तोड अशी काढली की एकत्र कुटुंबातला माणूस गेला की त्याचा हिस्सा पुढे गेला असं मानायचं. त्या हिश्शाला सूट 50,000 रुपयांपर्यंत, इतर मालमत्तेला 1 लाखापर्यंत. कर वसूल करायचा केंद्रानं, पण राज्यघटनेच्या 269 व्या कलमाप्रमाणे शेतजमिनीखेरीज इतर मालमत्तेवरचं उत्पन्न जायचं राज्यांना. 15 ऑक्टोबर 1953 पासून तो लागू झाला. 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो रद्द झाला, कारण हाती फार थोडं लागत होतं आणि खटाटोप मोठा होता. आज वारसा कराचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे लोक घोषणा देतात. त्यांनी 1953 ची चर्चा एकदा तरी उघडावी असं मला फार वाटतं.

स्टेट बँकेचं थोडक्यात सांगते. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीची मुख्य शिफारस सरकारला मान्य असल्याचं देशमुखांनी डिसेंबर 1954 मध्ये लोकसभेत सांगितलं, आणि 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कायद्यात दोन आकडे लिहिलेले होते : भागधारकांना पूर्ण भरणा झालेल्या प्रत्येक शेअरमागे 1,765 रुपये 10 आणे भरपाई, आणि पाच वर्षांत किमान 400 नव्या शाखा. दुसरा आकडा मला मोलाचा वाटतो. सरकारनं आपलं आश्वासन कायद्यातच लिहून स्वतःला बांधून घेतलं, की पाच वर्षांनी कोणीही सदस्य उभा राहून विचारू शकतो, शाखा किती झाल्या?

आता विमा, आणि इथेच तुमच्या आजोबांचा राजीनामाही येतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत. डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विमा कंपन्यांतल्या गैरव्यवहारावर घणाघाती भाषण केलं. 16 जानेवारी 1956 ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या अखत्यारीत राहील. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसं मेली. 19 जानेवारीला देशमुखांनी, तेही रेडिओवरूनच, आयुर्विम्याचा कारभार सरकार अध्यादेश काढून ताब्यात घेत असल्याचं सांगितलं. 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 भविष्य निर्वाह सोसायट्या, आणि बातमी आधी कुठे फुटली नाही. याच जानेवारीत त्यांनी मुंबईसाठी राजीनामा देऊ केला. तो लगेच स्वीकारला गेला नाही.

पुढचे महिने नीट पाहा. 27 फेब्रुवारीला लोकसभेचे सभापती मावळंकर वारले आणि 29 तारखेला देशमुखांनी अर्थसंकल्प मांडला. अध्यादेश नुसता काढून भागत नाही. संसद भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. म्हणून आधी कारभार हाती घेण्याचा कायदा, मग मालकी घेऊन महामंडळ स्थापण्याचा कायदा, जो जूनमध्ये झाला. त्याच्या 37 व्या कलमात विमेदाराच्या विमा रकमेला आणि बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. 28 व्या कलमात मूळ तरतूद अशी होती की मूल्यांकनातून निघालेल्या शिलकीपैकी किमान 95 टक्के विमेदारांचे. कार्यालयात आलेल्या घाबरलेल्या विधवेला मी ते 37 वं कलम कितीतरी वेळा सोप्या मराठीत सांगितलं आहे. तिला त्याचा अर्थ एका क्षणात कळायचा.

24 जुलैला राजीनामा मंजूर झाला आणि 25 जुलै 1956 ला त्यांनी लोकसभेत निवेदन केलं. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे, हे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर सांगितलं. नेहरूंना त्यांचं म्हणणं मान्य नव्हतं. 1 सप्टेंबरला महामंडळ सुरू झालं तेव्हा देशमुख मंत्री नव्हते.

जानेवारीतच तडकाफडकी का निघून गेले नाहीत, असं काही जण आजही विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. अर्थसंकल्प तोंडावर होता आणि लाखो कुटुंबांचा विम्याचा पैसा नुकताच ताब्यात घेतलेला होता. तो कायद्यानं सुरक्षित होईपर्यंत ते थांबले, हे मला राजीनाम्याइतकंच मोठं वाटतं. तर हो, जरूर वाचा.

प्रश्न : अर्थसंकल्पाचं भाषण मी दरवर्षी टीव्हीवर पूर्ण ऐकते. पण त्यानंतरच्या चर्चेला काही अर्थ असतो का? बहुमत असतं, मग सगळं ठरलेलंच ना?
*(एक वाचक, मुलुंड)*

बहुमतामुळे सरकार सहसा हरत नाही, हे खरं. पण चर्चेनं काहीच बदलत नाही, हे खरं नाही. तुमच्या-माझ्या खिशातली दोन उदाहरणं देते. 2016 च्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या 60 टक्के भागावर कर सुचवला होता. नोकरदारांमध्ये एवढा असंतोष झाला की 8 मार्चला अरुण जेटलींनी लोकसभेत तो प्रस्ताव मागे घेतला. दुसरं ताजं, आणि मुंबईकरांना थेट लागू होणारं. घर विकताना नफ्यावरचा कर काढण्याआधी खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरता यायची. हा महागाई निर्देशांकाचा फायदा जुलै 2024 मध्ये काढून टाकला होता. ऑगस्टमध्ये वित्त विधेयकावरच्या चर्चेच्या वेळी दुरुस्ती आली : 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं घर असेल तर कर निर्देशांकाशिवाय 12.5 टक्के किंवा निर्देशांक धरून 20 टक्के, यातलं जे कमी पडेल ते. ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी मुलुंडला फ्लॅट घेतला, त्यांच्या विक्रीचं सगळं गणित यावर फिरू शकतं. फेब्रुवारीचं किंवा जुलैचं भाषण ऐकून टीव्ही बंद करणाऱ्याला हे कळतच नाही.

म्हणून माझी विनंती : मंत्र्यांचं पहिलं भाषण ऐकाच, पण चर्चेला दिलेलं उत्तर सोडू नका. पहिलं भाषण खात्यानं महिनोन्‌महिने घडवलेलं असतं. उत्तराच्या वेळी सदस्यांचे प्रश्न समोर असतात. मंत्री कोणत्या प्रश्नाला आकड्यानं उत्तर देतात आणि कोणता टाळतात, हे कागद-पेन्सिल घेऊन टिपून ठेवा.

चर्चेतली खरी कमतरता वेगळी आहे. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खर्चासाठी खाती सभागृहाकडे मागतात त्या रकमांवर, सदस्य कपात सूचना देऊ शकतात. धोरणच मान्य नसेल तर मागणी 1 रुपयावर आणा म्हणायचं, एखादी तक्रार मांडायची असेल तर 100 रुपये कमी करा म्हणायचं. हे फार प्रभावी हत्यार आहे. पण दर वर्षी मोजक्याच खात्यांची चर्चा होते आणि ठरलेल्या तारखेला उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटी रुपये एका आवाजी मतदानात मंजूर होतात, याची मला खंत वाटते. आपल्या विधान भवनात पुरवणी मागण्यांच्या वेळीही चर्चेला वेळ तोकडाच पडतो. तुमच्या खासदारांना आणि आमदारांना पत्र लिहून विचारा, तुम्ही या वर्षी कोणत्या खात्यावर कपात सूचना दिली?

प्रश्न : आम्ही मूळचे राजापूर तालुक्यातले. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. ते अर्थमंत्रीही होते का?
*(एक वाचक, दहिसर)*

होय. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री होते आणि 19 मार्च 1990 ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला. सरकार वर्षभरही टिकलं नाही, त्यामुळे तो एकच. सोनं नियंत्रण कायदा रद्द करण्याचं त्यांनी त्यात जाहीर केलं. 1968 च्या त्या कायद्यानं सराफांच्या आणि कारागिरांच्या मागे परवाने आणि नोंदवह्यांचा ससेमिरा लागला होता. शेतकऱ्यांची 10,000 रुपयांपर्यंतची कर्जं माफ करण्याची योजनाही त्याच अर्थसंकल्पातली. कर्जमाफीबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका होती, आजही आहे. पण मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक, राजापूरमधून पाच वेळा निवडून गेलेला, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून सरकारला जाब विचारणारा, आणि मग स्वतः जाब द्यायला उभा राहिलेला, असा माणूस आपल्या कोकणानं दिला याचा मला अभिमान आहे.

प्रश्न : संसदेतली जुनी भाषणं सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळतात?
*(एक वाचक, परळ)*

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, घरबसल्या आणि फुकट. तारीख ठाऊक असेल तर शोधायला सोपं जातं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. 1950 ते 1952 चं कामकाज हंगामी संसदेच्या नावाखाली आहे. लोकसभा हे नाव 14 मे 1954 ला आलं, त्याआधीच्या खंडांवर ‘हाऊस ऑफ द पीपल’ असं असतं, तेव्हा त्या नावानंही शोधा. आणि देशमुखांच्या काळात प्रश्नोत्तरं पहिल्या भागात, बाकीचं कामकाज दुसऱ्या भागात छापत असत. विधेयकांवरच्या चर्चा तुम्हाला दुसऱ्या भागात सापडतील. छपाई जुनी असल्यानं शोधयंत्राला काही अक्षरं नीट लागत नाहीत, म्हणून नावानं सापडलं नाही तर तारखेनं पाहा. मजकूर बहुतेक इंग्रजीत आहे. अडलं तर तो परिच्छेद मला पाठवा, पुढच्या अंकात मराठीत समजावून देते.