वाणिज्याबरोबर इतिहास : एक पदवी की दोन?

प्रश्न : माझी मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली. हिशेबात तिला चांगली गती आहे आणि बी.कॉम. करण्याची तिची तयारी आहे. परंतु इतिहासाची ओढ लहानपणापासूनची असल्याने तो विषय आता कायमचा सुटणार, या कल्पनेने ती खंतावली आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते कला शाखेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात असे कानावर आल्यापासून, बी.कॉम.सोबत बी.ए.लाही नाव घालावे असा तिचा हट्ट आहे. हे नियमात बसते का, आणि तिला झेपेल का?
— एक माता, कराड

उत्तर : नियमात बसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम शिकण्यास मान्यता दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, अशीही जोड चालते. दूरस्थ अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता असणे मात्र अनिवार्य आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचा विचार त्या दृष्टीने करता येईल.

तरीही दोन अर्ज भरण्यापूर्वी एका पदवीत काय साधते, ते आपण पाहावे, असा माझा आग्रह आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जी पदवीची रचना लागू झाली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६०. मुख्य विषयाला, म्हणजे मेजरला, जोडून एक गौण विषय, म्हणजे मायनर, घ्यावा लागतो. राज्याच्या आराखड्यात त्याला १८ ते २० श्रेयांक आहेत आणि तो दुसऱ्या विद्याशाखेतला असण्यास त्या आराखड्याची हरकत नाही. शिवाय ज्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणतात, ते विषय आपल्या शाखेबाहेरूनच घ्यायचे असतात. म्हणजे आपल्या कन्येने मेजर म्हणून लेखाशास्त्र निवडले, तरी इतिहास तिच्या गुणपत्रकावर सन्मानाने राहू शकतो. पुढे इतिहासात एम.ए. करावेसे वाटले, तर आयोगाच्या पदव्युत्तर आराखड्याने मायनर विषयातून जाण्याचा मार्गही मोकळा ठेवलेला आहे.

अडचण कागदावर नसून महाविद्यालयात येते. जिथे केवळ वाणिज्य शाखा आहे, तिथे इतिहासाचे प्राध्यापकच नसतात आणि मग मायनरच्या नावाखाली वाणिज्याचाच एखादा विषय विद्यार्थ्यांच्या पदरी पडतो. त्यामुळे कला आणि वाणिज्य या दोन्ही शाखा एकाच आवारात असलेले महाविद्यालय निवडणे, हा या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत मोठा निर्णय आहे असे मी मानतो.

हे दोन विषय एकमेकांपासून दूर आहेत, ही समजूतही मला मान्य नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि त्यांतला फार मोठा भाग लढायांचा नसून जमाखर्चाचा, महसुलाचा आणि सावकारी देण्याघेण्याचा आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा जाच स्पष्ट दिसतो. ज्या मुलीला कीर्द आणि खतावणी कळते, व्याजाची आकारणी आणि हुंडीचा व्यवहार समजतो, तिला हे कागद केवळ इतिहास शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा निराळ्या नजरेने वाचता येतील. तिने पहिल्याच वर्षी सुटीत मोडी लिपी शिकावी, असे मी आवर्जून सुचवीन. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, आणि १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळही या कामात आहे. अशी काही महिन्यांची मेहनत तिला दुसऱ्या पदवीच्या प्रमाणपत्राहून अधिक देऊन जाईल.

दोन पदव्यांचा मार्ग मी एरवी दोनच परिस्थितींत सुचवतो. पहिली, जवळपासच्या महाविद्यालयात इतिहास मायनर म्हणून मिळतच नाही. दुसरी, तिला इतिहासाचा पाया पूर्ण पदवीइतकाच खोल हवा आहे आणि त्यासाठी रोज पहाटे किंवा रात्री दोन तास स्वतंत्र वाचनाला देण्याची तिची खरोखर तयारी आहे. तसे असेल, तर सकाळच्या सत्रातील बी.कॉम. आणि मुक्त विद्यापीठाचे बी.ए. ही जोड त्यातल्या त्यात सुसह्य ठरेल. मात्र दोन्हीकडील परीक्षांचे मागील वर्षीचे वेळापत्रक समोरासमोर ठेवून पाहावे, कारण तासिकांची वेळ सांभाळली तरी परीक्षांचे दिवस एकमेकांवर आल्यास एका विषयावर पाणी सोडावे लागते. स्वाध्याय आणि प्रकल्प हेही दुप्पट होतात, याची कल्पना तिला आधीच द्यावी.

वडीलधाऱ्यांची काळजी मी समजू शकतो, पण इतिहास मायनर घेतल्याने व्यवसायाचा कोणताही दरवाजा बंद होत नाही. ती बी.कॉम.च राहते, त्यामुळे ५५ टक्के गुण मिळवल्यास सी.ए.च्या इंटरमीजिएटला फाउंडेशन या पहिल्या परीक्षेशिवाय थेट जाता येईल. अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी हीच अट ६० टक्क्यांची आहे. एम.बी.ए.ची राज्य सीईटी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास देता येते. बी.कॉम.ऐवजी बी.बी.ए. किंवा बी.एम.एस. ही व्यवस्थापनाची पदवी घेण्याचा विचार असेल, तर त्यांसाठी २०२४ पासून राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी आपण मुलीला सोबत घेऊन महाविद्यालयात जावे आणि कार्यालयातील खिडकीवर न थांबता इतिहास विभागातील प्राध्यापकांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात : वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना इतिहासाची मायनर या वर्षी दिली जाते का, गेल्या वर्षी ती किती जणांनी घेतली होती आणि तिच्या तासिका वाणिज्याच्या तासिकांनंतर लावल्या जातात की त्याच वेळी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय शुल्क भरू नये.