भाकीत: होणारं की बोललेलं?

प्रश्न असा आहे: धर्मग्रंथातलं भाकीत खरं व्हायचंच असेल, तर माणसाच्या इच्छेला वाव कुठे उरतो? आणि ‘भाकीत’, ‘भवितव्य’, ‘विधिलिखित’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

अजिबात चालत नाहीत, आणि ते सर्रास चालवले जातात याचाच राग येतो. ‘भवितव्य’ला ‘कर्तव्य’चाच प्रत्यय आहे: करायलाच हवं ते कर्तव्य, व्हायलाच हवं ते भवितव्य. ‘विधिलिखित’ तर उघडच आहे. सक्ती या दोन शब्दांत आहे, ‘भाकीत’मध्ये नाही.

‘भाकीत’ आलं ‘भाकणे’वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘भाषा’. ‘पाषंड’चं ‘पाखंड’ झालं तसं ‘भाषा’चं ‘भाखा’. मग ‘भिक्षा’ची ‘भीक’ होताना शेवटचा महाप्राण, म्हणजे ‘ख’मधला ‘ह’कार, गळाला तसा इथेही गळाला आणि ‘भाक’ उरली. भाक म्हणजे दिलेला शब्द, वचन. करुणा भाकतात तीही याच क्रियापदाने. म्हणजे भाक देणारा, करुणा भाकणारा आणि भाकीत सांगणारा, तिघेही कुणाला तरी उद्देशून बोलतात, आणि ऐकणाऱ्याने काही करावं ही अपेक्षा त्या बोलण्यातच असते. ‘भाकीत म्हणजे भविष्यकथन’ एवढंच सांगून थांबणाऱ्यांनी शब्दातला हा ऐकणारा माणूसच पुसून टाकला आहे.

बायबलमधला संदेष्टा योना घ्या. चाळीस दिवसांत निनवे नगर नष्ट होईल, असं तो सांगतो. त्यात ‘जर’ कुठेच नाही. तरी लोक उपास करतात, गोणपाट नेसतात, वाईट मार्ग सोडतात आणि नगर वाचतं. योना संतापतो, कारण देव दयाळू आहे आणि अरिष्ट आणायचं टाळेल, हे तो आधीपासूनच जाणून होता. यावर हटकून बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 18:22 हे वचन पुढे केलं जातं: जे घडत नाही ते परमेश्वराचं वचन नव्हे. पण ‘यिर्मया’ या पुस्तकातलं 18:7-8 वाचल्याशिवाय हा वाद घालू नये. राष्ट्र दुष्टपणापासून वळलं तर योजलेलं अरिष्ट आणणार नाही, असं तिथे देवच सांगतो. इशाऱ्याच्या भाकितात ही अट न बोलता धरलेली असते. म्हणून निनवेचं भाकीत ‘खोटं ठरलं’ म्हणू नये; अरिष्ट ‘टळलं’ म्हणावं.

आणि ‘भाकित’ असं ऱ्हस्व लिहू नका. ‘लिखित’, ‘गणित’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत, म्हणून त्यांची उपान्त्य (शेवटच्या अक्षराआधीची) इ ऱ्हस्व. हा तद्भव, म्हणजे रूप बदलून आलेला, म्हणून ‘भाकीत’. सामान्यरूपात मात्र ती ऱ्हस्व होते: गरीब-गरिबाला, तसं भाकीत-भाकिताला.